‘हे कोणी केलं?’ : ताडोबा ते भामरागड, भेटवस्तूंच्या दुकानात बोलायची वाक्ये

ग्रीसला निघालेल्या प्रवाशाच्या हातात संभाषणाची छोटी पुस्तिका असते आणि तीत खरेदीचे एक पान असते. ‘पोसो कानी?’ म्हणजे ‘हे केवढ्याला?’ एवढे वाक्य तो विमानातच पाठ करतो. थोडा चौकस प्रवासी असेल तर ‘इने हिरोपीइतो?’ हेही शिकून घेतो, म्हणजे ‘हे हाताने केलेलं आहे का?’ हॉटेलच्या तळमजल्यावरच्या दुकानात ऑलिव्हच्या लाकडाची वाटी हातात घेऊन हे दुसरे वाक्य विचारले, की पहिल्या वाक्याच्या उत्तराला अर्थ येतो. यंत्रावर निघालेली वाटी आणि कारागिराने कोरलेली वाटी यांची किंमत एकाच मापाने मोजता येत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोलीला निघालेला मराठी माणूस अशी पुस्तिका घेत नाही. आपल्याच राज्यात जायचे आहे, भाषा आपलीच आहे, असे त्याला वाटते. मराठी तिथे सगळीकडे चालते, हे खरेही आहे. तरीही या दोन जिल्ह्यांत योग्य प्रश्न ठाऊक नसल्यामुळे जितके पैसे चुकीच्या जागी जातात, तितके क्वचितच कुठे जात असतील. ताडोबाच्या आसपास मुक्काम करायचा, दोन सफारी करायच्या, हॉटेलातल्या दुकानातून वाघाचे चित्र असलेला टी-शर्ट आणि एक पितळी मूर्ती घ्यायची आणि नागपूर विमानतळ गाठायचा. या सगळ्या खर्चातले किती पैसे जंगलातल्या माणसापर्यंत पोचले, याचा विचार करायला सवड मिळत नाही. ती सवड दुकानातल्या पाच मिनिटांत काढता येते. त्यासाठी लागणारी वाक्ये या प्रकरणात दिली आहेत, आणि प्रत्येक वाक्यामागे काय आहे तेही सांगितले आहे. नुसते वाक्य पाठ करून उपयोग नाही. आलेले उत्तर खरे की उडवाउडवीचे, हे ओळखता आले पाहिजे.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान 1955 साली झाले, अंधारी अभयारण्य 1986 साली, आणि दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला तो 1995 साली. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी ही प्रवेशद्वारांची नावे आता देशभरच्या पर्यटकांच्या तोंडी आहेत. या दारांभोवती हॉटेले उभी राहिली आणि हॉटेलांबरोबर दुकाने आली. अशा दुकानाच्या फळीवर साधारणपणे काय दिसते? वाघाची छायाचित्रे छापलेले कपडे, टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या, भिंतीवर वारली चित्रे, शेजारी ठिपक्या-रेघांची गोंड चित्रे, आणि काचेमागे ढोकऱ्याचे हत्ती-घोडे. सगळे ‘आदिवासी’ दिसते, म्हणून सगळे इथलेच असेल असे समजून पर्यटक ते घेतो.

वारली चित्रे पालघर आणि डहाणूकडची. ताडोबापासून ती जागा महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. ज्या चित्रशैलीला बाजारात गोंड चित्रे म्हणतात, ती मध्य प्रदेशातल्या दिंडोरी भागातल्या परधान कलावंतांनी घडवली. पाटनगढच्या जनगढसिंह श्याम यांनी ती भोपाळमार्गे जगभर नेली. इथे गोंडांचे राज्य शतकानुशतके नांदले, चंद्रपूरचा परकोट आणि त्याचे जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर हे दरवाजे त्यांनीच बांधले, म्हणून ही चित्रेही इथलीच असणार असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो समज चुकीचा आहे. ढोकरा म्हणजे मेण वितळवून केलेले पितळी ओतकाम. त्यात नाव आहे ते छत्तीसगडमधल्या बस्तरचे, आणि बस्तरच्या ढोकऱ्याला 2008 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या वस्तू सुंदर आहेत. पाटनगढला किंवा बस्तरमधल्या कोंडागावला गेलात तर त्या जरूर घ्या. मात्र ताडोबाची किंवा गडचिरोलीची आठवण म्हणून त्या घेताना त्या दुसऱ्या राज्यातून आल्या आहेत, हे ठाऊक असावे.

म्हणून हॉटेलच्या दुकानातले पहिले वाक्य असे ठेवा : ‘या दुकानातली कोणती वस्तू याच जिल्ह्यात तयार झाली आहे?’ ‘इथलं काय आहे?’ असे मोघम विचारले तर ‘सगळं इथलंच आहे’ असे उत्तर येते. जिल्ह्याचे नाव घेऊन विचारले, की विक्रेता फळीवरून नजर फिरवतो आणि बोट दाखवतो. त्यानंतर विचारा : ‘कोणत्या गावाहून आली?’ आणि मग, ‘करणाऱ्यांचं नाव काय?’ गाव सांगता आले आणि नाव सांगता आले नाही, तर बहुधा ती वस्तू मधल्या व्यापाऱ्याकडून आलेली असते. नाव सांगता आले, तर ती वस्तू थेट घेतलेली असण्याची शक्यता मोठी. ‘बचत गटाची आहे’ असे उत्तर आले तर गटाचे नाव विचारा. गटाच्या वस्तूवर ते बहुतेक वेळा चिठ्ठीवर छापलेलेच असते. रिसेप्शनवर आणखी एक प्रश्न विचारून ठेवावा : ‘इथे जवळ कुणी बांबूचं काम करतं का, आणि त्यांच्या घरी जाऊन घेता येईल का?’ हॉटेलात काम करणारी मुले-मुली आसपासच्या गावांतलीच असतात. त्यांच्या काकांचे किंवा शेजाऱ्यांचे घर निघते, आणि दुपारची सफारी सुटण्याआधी एक फेरी होऊन जाते.

बांबू हा या जिल्ह्यांचा खरा माल आहे, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर बोलायला हवे. इथल्या जंगलात मुख्यतः दोन जातींचे बांबू आहेत : मानवेल आणि काटस. मानवेल बारीक, भरीव आणि चिवट. काटस जाड, पोकळ आणि काटेरी. सूप, टोपली, दुरडी, परडी, धान्याची ढोली, कुडाचा तट्टा या घरगुती वस्तू बुरूड समाजाने पिढ्यान्‌पिढ्या विणल्या. शेतकऱ्याचे घर त्यांच्यावाचून चालत नसे. प्लास्टिकची टोपली आणि पत्र्याची कोठी आली तेव्हा या विणकामाचे गिऱ्हाईक गेले. आज पर्यटक जो बांबूचा दिवा, पेन ठेवायचा डबा, ट्रे किंवा राखी घेतो, ती त्याच हातांची नवी वाट आहे. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले ते याच कामासाठी. तिथे स्थानिक तरुणांना, विशेषतः स्त्रियांना, बांबूच्या नव्या वस्तू घडवायला शिकवले जाते. केंद्राची बांबूची इमारत 2021 साली आगीत जळाली, तरी काम थांबले नाही. ताडोबाला जाता-येता मुद्दाम वाट वाकडी करावी अशी ही जागा आहे.

बांबूची वस्तू घेताना विचारायचे वाक्य तांत्रिक आहे, पण ते विचारायला लाजू नका : ‘याला कीड लागू नये म्हणून काय केलंय?’ बांबूत पिष्ट असते आणि त्यावर भुंगेरे येतात. घरी नेलेल्या टोपलीतून काही महिन्यांनी पिवळसर भुकटी पडू लागली, की समजावे आत भोके पडली आहेत. यावर बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात बांबू मुरवणे हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. जाणता कारागीर ‘बोरिकमध्ये बुडवलाय’ असे लगेच सांगतो. दुसरा प्रश्न : ‘बांबू किती वर्षांचा होता?’ कोवळा बांबू वाळताना आकसतो, सुरकुततो, जोड सैल पडतात. निदान तीन वर्षांचा पक्का बांबू टिकतो. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला असेल तर आणखी चांगले, कारण तेव्हा त्यात ओल आणि पिष्ट दोन्ही कमी असतात. पट्टीची हिरवी-पिवळी गुळगुळीत पाठ वापरली आहे की आतला पांढरा मऊ भाग, हे बोट फिरवून कळते. पाठीच्या पट्ट्यांची वीण जास्त टिकते आणि तिला वेळही जास्त लागतो. म्हणून अशी परडी दुप्पट महाग असली तर ती किंमत वाजवी आहे.

बांबूमागे कायद्याची एक मोठी कथा आहे आणि ती गडचिरोलीतच घडली आहे. 1927 च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाड ठरवले होते. त्यामुळे जंगलातला बांबू सरकारचा, आणि जंगलात राहणाऱ्याने तो तोडला तर गुन्हा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने हे मान्य केले नाही. देवाजी तोफा आणि गावासोबत उभे राहिलेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे हे गाव देशाला माहीत झाले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले आणि 2009 साली मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना कोण देणार, यावर दोन वर्षे अडले. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. बांबू विकण्याचा हक्क असा प्रत्यक्ष वापरणारे हे देशातले पहिले गाव. पुढे 2017 साली कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून काढून टाकला गेला.

हे पर्यटकाला कशासाठी ठाऊक हवे? कारण यातून एक फार उपयोगी वाक्य तयार होते : ‘हा बांबू कोणत्या ग्रामसभेचा?’ गडचिरोलीत हा प्रश्न समजणारी माणसे भरपूर आहेत. सामूहिक वनहक्क मिळालेली गावे आता तेंदूपाने आणि बांबू स्वतः विकतात, त्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत होतो. मोहफुले, चारोळी, मध, डिंक, हिरडा, बेहडा यांच्या बाबतीतही हाच प्रश्न लागू पडतो. मोहाचे लाडू किंवा वाळवलेली मोहफुले घेताना ‘कोणत्या गावच्या बायांनी वेचली?’ असे विचारा. उत्तरात गावाचे नाव आले, तर पैसा जवळच्या हातात जाणार आहे.

आता भाषेकडे वळू. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाचा. या दोन जिल्ह्यांत मिळून कानावर किती भाषा पडतात! वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी या पट्ट्यात झाडीबोली. कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी. मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्यांमध्ये बंगाली. सिरोंचाला, आणि पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या राजुऱ्याकडे तेलुगू. जिवतीच्या डोंगरात कोलामी. धानोऱ्यापासून एटापल्ली-भामरागडपर्यंत गोंडी आणि माडिया. यातल्या प्रत्येक भाषेतले एखादे वाक्य आले तरी समोरच्या माणसाचा चेहरा उजळतो, आणि व्यवहारातला ताठरपणा जातो.

झाडीबोलीसाठी पुण्या-मुंबईच्या वाचकाला फार कष्ट नाहीत. ‘हे कोनं बनवलं जी?’ आणि ‘कितीले देता जी?’ एवढे पुरते. वाक्याच्या शेवटी येणारा ‘जी’ इथे आदराचा आहे, तो विसरू नका. ‘ळ’च्या जागी ‘र’ ऐकू आला, कुणी डोळ्याला ‘डोरा’ म्हणाले, तर ते त्या बोलीचे नियमित रूप आहे, त्यात सुधारण्यासारखे काही नाही. वयस्कर बाईला ‘माय’ आणि बरोबरीच्या पुरुषाला ‘भाऊ’ म्हणावे. दिवाळीनंतर गेलात तर याच बोलीतले झाडीपट्टीचे नाटक रात्रभर पाहायला मिळेल. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

कुरखेड्याच्या बाजारात ‘येला कोन बनाइस?’ म्हणा, म्हणजे हे कोणी केले. ‘बने हे’ म्हणजे छान आहे. बंगाली वस्तीत ‘एटा के बानियेछे?’ हा तोच प्रश्न, आणि किमतीसाठी ‘एटा कोतो?’ बोलणाऱ्या बाईला ‘दीदी’ किंवा वयाने मोठी असेल तर ‘माशी’. सिरोंचात ‘इदि एवरु चेसारु?’ म्हणजे हे कोणी केले, ‘इदि एंत?’ म्हणजे हे केवढ्याला, आणि आवडले तर ‘बागुंदि’. तिथे ‘अम्मा’ आणि ‘अन्ना’ ही संबोधने चालतात.

गोंडी ही द्राविड कुळातली भाषा, तेलुगूची नातलग. 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 29 लाख 84 हजार लोकांनी ती आपली भाषा म्हणून नोंदवली आहे. तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 साली तिच्यासाठी लिपी घडवली. तेलंगणातल्या गुंजाळा गावी सापडलेल्या जुन्या हस्तलिखितांतली लिपी वेगळी. आता दोन्ही लिप्या संगणकावर लिहिता येतात. द्राविड नाते आकड्यांत लगेच दिसते : गोंडीत उंदी, रंड, मूंड, नालुंग, आणि तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. बांबूला गोंडीत वेदूर, तेलुगूत वेदुरु. त्यामुळे सिरोंचाकडून वर येताना शिकलेले दोन-तीन शब्द एटापल्लीत पुन्हा भेटतात.

गोंडी गावात शिरताना ‘जोहार’ म्हणा. खरेदीविषयी एक शब्दही बोलण्याआधी हे व्हायला हवे. वस्तू हातात घेऊन ‘इद बाताल?’ म्हणजे हे काय आहे. ‘इद बोर कीतोर?’ म्हणजे हे कोणी केले. नाव विचारायचे तर ‘नीवा परोल बाताल?’ उत्तरात ‘इंगो’ आले तर होय, ‘हिल्ले’ आले तर नाही किंवा शिल्लक नाही. माडियात आणि गावागणिक उच्चार थोडे बदलतात, म्हणून ऐकलेला उच्चार तसाच परत म्हणून दाखवावा. मुले हसतील, मोठी माणसे दुरुस्त करून देतील, आणि तिथपासून बोलणे सुरू होईल. किंमत मात्र मराठीत विचारली तरी चालते. आठवडी बाजारामुळे रुपयांचे बोलणे सगळ्यांना येते.

‘हिल्ले’ हा शब्द नीट लक्षात ठेवा. काही वस्तू विकायच्या नसतात. गावाच्या सीमेवर पूर्वजांच्या स्मरणार्थ उभे केलेले कोरीव खांब आणि शिळा, आंगादेवासारखे लाकडी देव, सणात वाजणारे ढोल, घोटुल म्हणजे तरुणांच्या सामूहिक घरातली कोणतीही गोष्ट, यांची किंमत विचारणेही अपमानाचे आहे. माडिया गोंडांची नोंद महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत होते. बाकीचे दोन कातकरी आणि कोलाम. ‘जुनं काही आहे का? जास्त पैसे देतो’ असे या वस्त्यांत बोलणारे पाहुणे घराघरातून वारसा काढून नेतात. कृपा करून तसे बोलू नका. गळ्यातली माळ किंवा डोक्यातली फणी आवडली, तर ‘अशी नवी करून द्याल का?’ असे विचारावे आणि निम्मे पैसे आधी द्यावेत.

भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्यांचा संगम आहे, आणि त्याच्या अलीकडे हेमलकसा. 23 डिसेंबर 1973 रोजी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना सुरू केला तेव्हा त्यांना आधी माडिया शिकावी लागली. रोग्याचे दुखणे त्याच्या भाषेत ऐकल्याशिवाय औषध देणे शक्य नव्हते. प्रकल्प पाहायला दूरदूरहून लोक येतात. वरोऱ्याचे आनंदवन नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरच लागते. बाबा आमटे यांनी कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांबरोबर ते उभे केले, आणि तिथे हातमागाचे कापड, सतरंज्या, शुभेच्छापत्रे अशा अनेक वस्तू तयार होतात. आनंदवनात ‘हे कोणी केलं?’ असे विचारले तर अनेकदा करणारा माणूस त्याच आवारात भेटतो. जवळच्या भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाचे कुंभारकाम रुजवले. तिथल्या भाजलेल्या मातीच्या वस्तू घेताना बोटाने टिचकी मारून पाहा. खणखणीत आवाज आला तर भाजणी पक्की.

कोशाच्या कापडाची जात वेगळी. कोसा म्हणजे टसर. तुती खाणाऱ्या घरगुती किड्याचे हे रेशीम नव्हे. टसरचा किडा उघड्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढतो. गडचिरोली आणि शेजारच्या जिल्ह्यांत हे पालन मुख्यतः धिवर समाजाने जपले आहे. पाखरे अळ्या टिपतात, म्हणून माणसे दिवसभर झाडांखाली राखण करतात. आरमोरी हे त्याचे जुने केंद्र. विणकाम होते ते आरमोरी-नागभीड भागातल्या आणि भंडाऱ्याकडच्या मागांवर, आणि विदर्भाच्या करवतकाठी साड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुकानात विचारा : ‘हा कोसा इथल्याच कोशांचा आहे की सूत बाहेरून आणलंय?’ सूत बाहेरून येते हे सांगायला प्रामाणिक विणकर लाजत नाही. मग विचारा : ‘रंग दिलाय की कोशाचाच रंग आहे?’ टसरचा स्वतःचा रंग मधासारखा, थोडा असमान असतो. पूर्ण एकसारखी चमक दिसली तर शंका घ्या. काठाचा एखादा धागा जाळून दाखवायला सांगा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर ते रेशीम. वितळून गोळी झाली तर कृत्रिम धागा.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. वाघाचे नख किंवा दात, चितळ-सांबराचे शिंग, अस्वलाचे केस, खवल्या मांजराचे खवले, सापाची कातडी यांतले काहीही कुणी दाखवले तर ‘नको’ म्हणा आणि वन खात्याला कळवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही खरेदी-विक्री गुन्हा आहे. ‘शिंग आपोआप गळून पडलं होतं’ ही सबब चालत नाही. ज्या वाघासाठी आपण इतक्या लांब आलो, त्याच्या शिकारीला गिऱ्हाईक मिळते ते असल्याच खरेदीतून. मोराच्या पिसांची निर्यातही बंद आहे, तेव्हा परदेशी पाहुण्यांसाठी ती घेऊ नका. धनुष्यबाण आणि कुऱ्हाडीच्या प्रतिकृती विमानात हातसामानात नेऊ देत नाहीत. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांसाठी आणखी एक सूचना : ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उतरताना बांबू, लाकूड, मध यांची माहिती विमानतळावर द्यावीच लागते. प्रक्रिया केलेल्या बांबूची पावती सोबत असेल तर तपासणी सोपी जाते.

घासाघीस करावी का? हॉटेलच्या दुकानात किंमत छापलेली असते, तिथे प्रश्नच नाही. बाजारात बसलेल्या बुरूड बाईशी मात्र पाच-दहा रुपयांसाठी वाद घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जंगलातून बांबू आणायचा, कापायचा, चिरायचा, पट्ट्या तासायच्या, विणायचे आणि मग बस पकडून बाजार गाठायचा, एवढे करून एका टोपलीमागे तिच्या हातात फार थोडे उरते. किंमत परवडत नसेल तर लहान वस्तू घ्या. ‘किती दिवस लागले?’ हा प्रश्न मात्र जरूर विचारा. त्याचे उत्तर ऐकल्यावर बहुतेक माणसे पैसे कमी करा म्हणत नाहीत.

वस्तू घेतल्यावर एक छोटे काम राहते. चिठ्ठीवर करणाऱ्याचे नाव, गाव, तालुका आणि वस्तूचे स्थानिक नाव लिहून घ्या, आणि ती चिठ्ठी वस्तूसोबतच घरी न्या. लिहिण्याआधी परवानगी विचारा. घरी कुणी ती वस्तू पाहून ‘कुठून आणली?’ असे विचारले, तर गावाचे नाव सांगा. पुढच्या सफारीला जाणाऱ्या मित्राला ती चिठ्ठी द्या. आणि हॉटेल सोडताना अभिप्रायाच्या वहीत एवढे अवश्य लिहा : ‘दुकानात चंद्रपूर-गडचिरोलीच्या वस्तू ठेवा, आणि त्या करणाऱ्यांची नावं लावा.’ गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा मागू लागले, की दुकानदार माल बदलतो.